हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बँकेत आणि ट्रेझरीत एक खास गर्दी दिसते. स्वेटर, कानटोपी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पासबुक. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा हा महिना. म्हणजे बघा, आजोबा काउंटरसमोर उभे आहेत, कारकून त्यांना 'बसा काका' म्हणतोय, काका त्याला पंख्याबद्दल दोन शब्द सुनावतायत, आणि तरीही कागदावर सही झाल्याशिवाय काका जिवंत नाहीत! सरकारी विनोदांत या विनोदाला तोड नाही.

'हयात' हा शब्द मुळात अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. हयात म्हणजे जीवन. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरला हा शब्द नवा नाही. गावाच्या नावातला 'पीर' तिथल्या दर्ग्यांमुळे आला आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या दर्ग्याचे पीर म्हणजे दादा हयात कलंदर. त्याच तालुक्यातली एखादी म्हातारी वर्षातून एकदा तहसीलवर जाऊन आपण हयात असल्याचं सांगून येते. एकच शब्द, एक श्रद्धेतला आणि एक फायलीतला.

या कागदावर विचार करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'तू आहेस ना?' हे आजवर कोणी कोणी विचारलं? कशासाठी विचारलं? आणि किती दिवसांनी विचारलं? तिसरा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला.

आधी धंद्यातली गोष्ट सांगून टाकतो. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे की नाही हे कळायला 'हार्टबीट' नावाचा प्रकार असतो. सर्व्हर दर काही सेकंदांनी एक छोटा निरोप पाठवत राहतो: मी आहे, मी आहे, मी आहे. या निरोपात माहिती अशी काहीच नसते. तो जेव्हा येत नाही तेव्हाच त्याची किंमत कळते. लागोपाठ दोन-तीन निरोप चुकले की घंटा वाजते आणि कोणीतरी झोपेतून उठून धावतो. किती वेळ वाट बघायची, म्हणजे टाइमआउट किती ठेवायचा, यावर आम्ही तासन् तास भांडतो. बँकेच्या सर्व्हरसाठी आपण तीस सेकंद ठेवतो. गावाकडच्या आत्यासाठी किती ठेवलाय?

तर चला वाशिमला.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, थोडा संस्कृत थोडा प्राकृत, ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान साधारणपणे मुलानातवांकडे चालत राहील असंच दिलेलं असतं. राजाच्या नजरेला दिसायचं ते घराणं. म्हातारपणाची सोय म्हणजे जमीन आणि मुलगे, यात वेगळं सांगण्यासारखं कोणाला काही वाटतच नव्हतं. ज्याला दोन्ही नाही त्याचं काय, हे ताम्रपटात कशाला येईल?

अशा माणसाला मग मठ, देऊळ, दर्गा, धर्मशाळा, नाहीतर भावकीतल्या कोणाच्या तरी घराची पडवी. 'पूर्वी एकत्र कुटुंब होतं, म्हातारी माणसं सुखात होती' असं आपण सर्रास म्हणतो. त्यात अर्धंच खरं आहे. एक तर म्हातारपणापर्यंत पोचणारेच कमी होते. १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएंझाची साथ धरून, भारतातलं सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही खाली होतं. लहान मुलांचे मृत्यू फार असल्यामुळे हा आकडा इतका खाली दिसतो हे खरं, पण पंच्याहत्तरीची एकटी बाई हे आजच्यासारखं घरोघरचं दृश्य नक्कीच नव्हतं. दुसरं म्हणजे गावाचं लक्ष असायचं ते वस्तीवस्तीत वाटलेलं. विहिरीवर आज अमकी दिसली नाही हे लक्षात येणार ते त्याच विहिरीवर येणाऱ्या बायकांच्या. जिला त्या विहिरीवर यायचीच बंदी, तिची गैरहजेरी तिच्या वस्तीपुरतीच. आणि विधवेवर गावाचं जे 'लक्ष' असे ते तिच्या काळजीपोटी किती आणि पाळतीपोटी किती, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती. टाइमआउट फार छोटा होता. सकाळी अंगणात सडा पडला नाही, चुलीचा धूर दिसला नाही, की तासा-दोन तासांत कोणीतरी दारात उभं राहून विचारणार, "काऊन वं माय, आज दार नाई उघडलं?"

आता पेन्शन. हा शब्द वऱ्हाडच्या इतिहासात फार मजेशीर जागी येतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते मुख्यतः हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी, हे शाळेत वाचलेलं असतं. पण वऱ्हाडच्या उत्पन्नातून भागवायच्या खर्चांच्या यादीत फौजेबरोबर काही मराठा पेन्शनरांचे भत्तेही होते. म्हणजे वाशिमच्या काळ्या जमिनीतून निघणाऱ्या साऱ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी पेन्शनचाही वाटा होता. सारा भरणाऱ्या कुणब्याच्या स्वतःच्या म्हातारपणाची मात्र त्या तहात काही तरतूद नव्हती, असायचं कारणही नव्हतं. पेन्शन होती ती मानाची किंवा चाकरीची. वयाची नव्हे.

इंग्रजांनी १८७१ साली पेन्शन्स ॲक्ट केला. पेन्शनरने ट्रेझरीत यायचं, ओळख पटवायची, पैसे न्यायचे. सरकारला भीती एकच. मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत नातेवाईक पैसे उचलतील. आपला हयातीचा दाखला याच भीतीचा वंशज आहे. तो हिशेबासाठी विचारला जातो. दाखला आला नाही तर काय होतं? पैसे थांबतात. 'काका का आले नाहीत' म्हणून घरी जाऊन बघण्याचं काम त्या यंत्रणेत कोणालाच दिलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्टबीट चुकला, तर घंटा न वाजवता सिस्टीम त्या सर्व्हरचं लाइट बिल भरणं बंद करते.

पण याच इंग्रजी राज्यात एकदा उलटंही झालं. सरकार स्वतः एकट्या माणसाला शोधत त्याच्या दारापर्यंत गेलं.

१८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ साली फॅमिन कोडचा नमुना तयार झाला. दुष्काळात कोणी काय करायचं याचं नियमांचं पुस्तक. धडधाकट माणसाला खडी फोडायला लावून मजुरी द्यायची, हा त्यातला मुख्य भाग सगळ्यांना माहीत असतो. पण जो खडी फोडू शकत नाही त्याचं काय? तर आंधळे, पांगळे, वयामुळे किंवा अशक्तपणामुळे काम न करू शकणारे, आणि ज्यांना पोसणारं नात्यातलं कोणी नाही अशांना घरबसल्या मदत द्यायची. त्यासाठी गावोगाव याद्या करायच्या आणि वरच्या अधिकाऱ्याने फिरून त्या तपासायच्या. गावच्या कामगारांवर, म्हणजे वऱ्हाडात वतनदार पाटील आणि पटवारी यांच्यावर, गावात उपासमार दिसली तर वर कळवायची जबाबदारी होती.

म्हणजे 'कोणी नसलेलं म्हातारं माणूस' हा सरकारी कागदावरचा एक रकाना झाला. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले. दुसरा तर अजून 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून बोलण्यात येतो, संवत १९५६ म्हणून छप्पन. वाशिम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजी कागदांत 'बासीम'. त्या दुष्काळात माणसं मेली, खूप मेली. नियमांच्या पुस्तकाने सगळे वाचले असं कोणी म्हणणार नाही. शिवाय कोडमधली मदत कंजूषच होती, उगाच कोणी फुकट खाऊ नये याची काळजी पानोपानी. पण एका गोष्टीला दाद दिलीच पाहिजे. यादी करणाऱ्याला घराघरात जाणं भाग होतं.

मग दुष्काळ संपला. यादी बंद झाली. यादीतल्या बाईला पोसणारं कोणी त्यामुळे मिळालं नव्हतं, तिचं वयही कमी झालं नव्हतं. संपला होता तो फक्त दुष्काळ. १९०५ साली तर बासीम जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला. वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं जिल्ह्याच्या कचेरीत काम असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अकोला गाठावं लागत होतं.

या ९३ वर्षांत दारात येणारा सरकारी माणूस होता तो पोस्टमन. मनीऑर्डर पोस्टाकडे आली १ जानेवारी १८८० ला. पैसे ज्याच्या नावाने, त्याच्या हातात द्यायचे. त्याने सही करायची, नाहीतर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. बघा, म्हणजे महिन्याकाठी एक माणूस येतो, तुम्ही दिसल्याशिवाय त्याचं काम होत नाही, आणि तुम्ही दिसला नाहीत तर तो शेजारी विचारतो. शिवाय साक्षीदारासाठी शेजाऱ्याला बोलवावं लागतं, म्हणजे तोही बघतो! काळजी घेणारी यंत्रणा म्हणून हे कोणी बनवलं नव्हतं. चोरी होऊ नये म्हणून बनवलं होतं. पण काम दोन्ही करत होतं.

स्वतंत्र भारतात म्हातारपणाला स्वतःची पेन्शन मिळायला बराच वेळ लागला. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली: ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला महिना ७५ रुपये. ७५ च! पुढे २००७ साली तिला इंदिरा गांधींचं नाव मिळालं आणि २०११ साली वयाची अट ६० वर आली. ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. महाराष्ट्राने वर स्वतःची भर घातली, तिचं नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. २०२३ पासून एकूण मदत महिना १५०० रुपये आहे.

श्रावणबाळ या नावाशी मी थोडा वेळ थांबलो. ज्यांना सांभाळणारा मुलगा नाही त्यांच्या योजनेला कावड वाहणाऱ्या मुलाचं नाव. ठीक आहे, राज्य सरकारच श्रावण होणार असा अर्थ घेऊ. पण या गोष्टीचा शेवट आपण नेहमी विसरतो. श्रावण पाणी आणायला जातो, दशरथाचा बाण लागतो, आणि ते आंधळे आई-बाप रानात वाट बघत बसतात. त्यांना दुसरं कोणीच नसतं. सगळा भार एका माणसावर टाकलेला, तो पडला की सगळं पडतं. आमच्याकडे असं डिझाइन कोणी केलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतात.

निराधारचे पैसे आधी हातात मिळत, मग बँक आणि पोस्टाच्या खात्यात यायला लागले. दरम्यान २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं आणि काही वर्षांतच 'निराधार' व्हायला 'आधार' लागायला लागला. (हा विनोद माझा नाही, तहसीलच्या रांगेतला आहे.) २०१४ च्या नोव्हेंबरात पेन्शनरांसाठी जीवन प्रमाण आलं, म्हणजे बोट टेकवा आणि हयात व्हा. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांच्या रेषाच उरत नाहीत हे मशीनला नंतर कळलं. आता चेहरा दाखवूनही काम होतं. जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. राज्याचे पैसे २०२४ च्या अखेरीपासून डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात.

इथे मला नीट बोललं पाहिजे, नाहीतर 'पूर्वीचं ते सगळं चांगलं' असा सूर लागेल. पूर्वीचं चांगलं नव्हतं. हातात मिळणाऱ्या पैशांत मधल्यांचा हात असायचा, बाईला 'साहेब उद्या या म्हणतात' ऐकून चार वेळा एसटीचा खर्च व्हायचा. थेट खात्यात पैसे येणं ही फार मोठी सुधारणा आहे आणि ती माझ्याच जातभाईंनी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनी केलेली आहे. मुद्दा एवढाच आहे. प्रत्येक सुधारणेने मधला एक माणूस काढला. तो पैसे खाणारा असेल, आळशी असेल, पण तो दारात यायचा नाहीतर बाईला घराबाहेर काढायचा. तो काढताना त्याच्याकडून फुकटात होणारं दुसरं काम कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. त्यामुळे ते काम गेलं हेही कोणाला कळलं नाही. जुनी सिस्टीम बंद करताना हे आमच्याकडे नेहमी होतं.

आता कायदा. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात डॉ. विजया अरबट यांचा गाजलेला खटला झाला. कल्याणच्या या डॉक्टर. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे, असा निकाल लागला. मग २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कायदा आला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता, वकिलाशिवाय अर्ज. सगळं पैशांबद्दल आणि मालमत्तेबद्दल.

पण या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० साली केलेल्या नियमांत एक फार वेगळी गोष्ट आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठ नागरिकांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची. आणि ठाण्याच्या माणसाने, जमेल तिथे समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला घेऊन, महिन्यातून निदान एकदा त्यांच्या घरी जाऊन यायचं. फॅमिन कोडची यादी परत आली बघा! आणि या वेळी दुष्काळ नसतानाही.

आता इंजिनियरचा ढोबळ हिशेब. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १२ लाख. महाराष्ट्रात साठीवरची माणसं तेव्हा सुमारे १० टक्के. मुंबईच्या आयआयपीएस संस्थेने केलेल्या देशव्यापी 'लासी' पाहणीचा अहवाल २०२१ साली आला, त्यात साठीवरच्यांपैकी सुमारे ६ टक्के एकटे राहतात, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. हेच प्रमाण वाशिमला लावलं तर सात हजारांच्या घरात माणसं येतात. जिल्ह्यात पोलीस ठाणी डझनभर. एकेका ठाण्याच्या वाट्याला पाचेकशे घरं, दर महिन्याला. बंदोबस्त, पोळा, निवडणूक, मोर्चा सांभाळून. होणार आहे का?

पण तीच माणसं पाचशेच्या आसपास ग्रामपंचायतींत वाटा. गावटी चौदा-पंधरा. चौदा-पंधरा घरं! एवढी तर आपल्या सोसायटीच्या एका विंगमध्ये असतात. ठाण्याला अशक्य असलेलं काम गावाला चहा पिता पिता होण्यासारखं आहे.

आणि राज्याला घरोघर जाता येत नाही असंही नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक राज्यभर घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरले, घरात म्हातारं कोण, आजारी कोण हे लिहून घेतलं. साथ ओसरली, मोहीम संपली, यादी बंद. १९०० सारखंच.

पण महिन्याची भेट तरी पुरते का? इथे टाइमआउटचा मुद्दा येतो. १९८१ साली ब्रिटनमध्ये घरात पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडल्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांत गेले होते. त्यांत ज्यांना पडल्याने थेट इजा झाली नव्हती असेही होते. काही जण आधीच किती खंगलेले असतील हे धरलं तरी हा आकडा हलवून टाकतो. पडणं हे एक संकट, आणि कोणाला न कळणं हे दुसरं. सरकार वर्षाला विचारतं, पोलिसांनी महिन्याला विचारायचं, मुलगा दर रविवारी फोन करतो. शरीराचा हिशेब मात्र तासांत चालतो.

ऑगस्ट २०१७ मधली मुंबईची बातमी तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. परदेशातून आलेल्या मुलाला बंद फ्लॅटमध्ये आईचा सांगाडा सापडला होता. वर्षाहून जास्त काळ दोघांचं बोलणं झालेलं नव्हतं. त्या घराविषयी न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही, तुम्हालाही नाही. मला त्यात दिसलं ते एवढंच, की उंच इमारत, लिफ्ट, वॉचमन, मेंटेनन्सचं बिल या सगळ्यांत 'आज त्या दिसल्या नाहीत' असं म्हणणं कोणाचंच काम नव्हतं.

जपानने हा प्रश्न आपल्या आधी बघितला. तिथे एकट्याने मरण्याला 'कोदोकुशी' असा शब्दच आहे. २००१ साली झोजिरुशी कंपनीने पाणी तापवायची एक किटली काढली. आजोबांनी चहासाठी बटण दाबलं की मुलाला निरोप. मला यातलं डोकं फार आवडलं. आजोबांना वेगळं काही करायचं नाही, चहा तर ते पिणारच. पुढे जपानच्या पोस्टाने पैसे घेऊन पोस्टमनला म्हाताऱ्यांच्या घरी पाठवायची सेवा २०१३ मध्ये काही भागांत सुरू केली, २०१७ मध्ये देशभर. त्याच वर्षी फ्रान्सच्या पोस्टानेही तशीच सेवा काढली. म्हणजे आपण ज्या माणसाला मधला म्हणून काढलं, त्याला श्रीमंत देश महिन्याचं शुल्क देऊन परत बोलवतायत! आपल्याकडेही पोस्टमन घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला करून देतो, २०२० पासून. पण वर्षातून एकदाच.

वाशिमकडे परत येतो. सोयाबीनचा जिल्हा. काढणी झाली की मानोरा, मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून माणसं कामाला बाहेर पडतात आणि मागे म्हातारी, पोरं आणि कुत्री राहतात. शिकलेली पोरं संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, प्रवास सोपा झाला. जायचाही झाला आणि यायचाही.

माझी एक लांबची आत्या रिसोड तालुक्यात एकटी राहते. वय ७९. तिचा मुलगा तिला पुण्याला न्यायला तयार आहे, ती यायला तयार नाही. ('तिथं मले कोन वयखते?' म्हणजे ओळखतं कोण, हा तिचा बिनतोड सवाल.) मुलाने हौसेने घरात कॅमेरा बसवला. तिने दुसऱ्या दिवशी त्यावर टोपडं घातलं. त्यानंतर जे जमलं ते असं. शेजारची मुलगी शाळेत जाताना हिच्याकडून वेणी घालून घेते. ओसरीचा दिवा सकाळी बंद आणि संध्याकाळी चालू, हे समोरचा दुकानदार बघतो. रात्री आतून कडी लावत नाही, बाहेरून उघडता येणारं कुलूप लावते आणि एक किल्ली शेजारी. न्हाणीत रात्रभर छोटा दिवा आणि धरायला लोखंडी दांडी. भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत १०८ आणि ११२, आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. बस्स.

यातली वेणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलगी आजीची तपासणी करायला येत नाही, तिला वेणी हवी असते. आजीही तिची वाट बघते. एखाद्या दिवशी मुलगी आली नाही तर आजीच ओरडून विचारते, "पोरीले ताप आहे का वं?" हार्टबीट दोन्हीकडून चालतो. कॅमेऱ्याला हेच जमत नाही.

इतका इतिहास चाळून माझ्या हाती लागलं ते असं: हिशेबासाठी विचारलेला प्रश्न वर्षातून एकदा येतो, संकटासाठी केलेली यादी संकटाबरोबर संपते, आणि रोजच्या कामाच्या निमित्ताने होणारी विचारपूस तेवढी टिकते. म्हणून निमित्त जपायचं. दूधवाल्याचं बिल ऑनलाइन भरायच्या आधी जरा थांबा. पेपर बंद करून टॅब घेऊन देण्याआधीही.

असो. आज शनिवार आहे, एक काम सांगतो, पाच मिनिटांचं. आई-वडिलांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहेच. त्यांच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचा आहे का बघा. नसेल तर आज मिळवा, आणि पहिला फोन नुसता 'कसे आहात काका' म्हणायला करा.